पळाला की सुटला?

‘बालगृहातून तीन मुलींचे पलायन.’ या साच्याचा मथळा मराठी वर्तमानपत्राच्या वाचकाने वर्षातून दोन-चारदा तरी वाचलेला असतो. आकडा बदलतो, गाव बदलते, बालगृहाच्या जागी कधी महिला सुधारगृह येते, कधी वसतिगृह. ‘पलायन’ मात्र ठरलेले. खाली बातमीत भिंतीची उंची असते, गज वाकवल्याचे असते, चादरींना मारलेल्या गाठी असतात, रखवालदाराला नेमकी कधी डुलकी लागली ते असते. मुली तिथून का गेल्या, हे बहुतेक वेळा नसते, आणि असलेच तर शेवटच्या परिच्छेदात ‘समजते’ या क्रियापदाच्या आडोशाला. हीच बातमी इंग्रजीत लिहिणारा ‘एस्केप’ हा शब्द वापरेल. इंग्रजी-मराठी कोशात त्या शब्दापुढे पलायन हा अर्थ दिलेला असतो, तेव्हा मराठी उपसंपादकाने चूक केली असे कोणी म्हणणार नाही. माझे म्हणणे असे की चूक झालेली आहे, आणि ती बारीकसारीक नाही. इंग्रजी शब्द निवाडा करत नाही. मराठी शब्द करतो. त्या तीन मुलींना आपण कैफियत न ऐकताच दोषी ठरवून मोकळे होतो, आणि तेही नकळत.

आधी इंग्रजी शब्दाकडे पाहू. लॅटिनमध्ये ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘काप्पा’ म्हणजे अंगावरचा झगा. पाठलाग करणाऱ्याने मागून झगा पकडला, तेव्हा झगा त्याच्या हातात ठेवून आतला माणूस निसटला, हे चित्र व्युत्पत्तिकार या शब्दामागे पाहतात. फ्रेंचमधून तो मध्ययुगात इंग्रजीत आला. मराठी माणसाला हे चित्र समजायला लांब जावे लागत नाही; हातावर तुरी देणे म्हणजे तरी दुसरे काय? पकडायला आलेल्याच्या मुठीत काहीतरी उरते, फक्त हवे होते ते उरत नाही. तिकडे झगा, इकडे तुरी. या चित्रात पळणारा चोर आहे की चोराच्या तावडीत सापडलेला वाटसरू, हे कुठेच सांगितलेले नाही. पुढे शब्द वाढत गेला तरी त्याचा हा अलिप्तपणा टिकला. इंग्रजीत कैदी एस्केप होतो, तसा सिलिंडरमधला वायूही होतो. अपघातातून प्रवासी खरचटण्यावर निभावतो तेव्हाही हाच शब्द. ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी आठवत नाही तेव्हा ते नाव एस्केप झालेले असते. बागेत शोभेसाठी लावलेले झाड कुंपण ओलांडून रानात माजले, की वनस्पतिशास्त्रज्ञ त्यालाही हेच म्हणतात. आपल्या डोंगरउतारांवर पसरलेली घाणेरी अशीच बागेतून सुटलेली आहे. किल्लीच्या घड्याळातल्या एका भागाचे नाव तर या शब्दावरूनच पडले आहे. त्यात दातेरी चाकाचा एकेक दात सोडला जातो आणि लगेच पुढचा अडवला जातो. आपण ऐकतो ती टिकटिक सुटण्याची नसून पुन्हा अडकण्याची असते. या सगळ्या उपयोगांत शब्द सांगतो ते एवढेच, की काहीतरी धरलेले होते आणि आता ते धरलेले नाही. धरणारा कोण आणि त्याला धरण्याचा हक्क होता का, याबद्दल तो तोंड उघडत नाही.

मराठीत मात्र या एका शब्दाच्या जागी दोन मोठी कुळे उभी आहेत. एक सुटण्याचे, दुसरे पळण्याचे. सुटण्याच्या कुळाचा विस्तार पाहिला तर थक्क व्हायला होते. शाळा सुटते, गाडी सुटते, वारा सुटतो, गाठ सुटते, गणित सुटते, उपवास सुटतो, दारू सुटते, पोटही सुटते. आरोपी जामिनावर सुटतो, पुराव्याअभावी सुटतो. दीर्घ आजारानंतर कोणी गेले की आजूबाजूचे ‘सुटला बिचारा’ म्हणतात, आणि त्या दोन शब्दांत दुःखाइतकाच दिलासा असतो. या कुळातले शब्द बहुतेक ठिकाणी बंधनाचा भार मान्य करतात. जे सुटते ते अडकलेले होते, हे त्यात गृहीत आहे. पळण्याच्या कुळाची गोष्ट वेगळी. पळ काढणे, पळवाट, पळपुटा, पळून जाणे, आणि संस्कृत वेषातले पलायन, या सगळ्यांत नजर आहे ती पळणाऱ्यावर, आणि ती फारशी बरी नाही. संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ दूर जाणे एवढाच. त्याला डाग लागला तो रणांगणावर. गीतेच्या अठराव्या अध्यायात क्षत्रियाची स्वाभाविक कर्मे सांगताना ‘अपलायन’ हा गुण म्हणून येतो. म्हणजे डाग जुना आहे, आजच्या उपसंपादकाने लावलेला नाही. पण जुना डाग असलेले वस्त्र कुणाच्या अंगावर घालायचे, हे रोज नव्याने ठरवावे लागते.

मराठी माणसाने हे कधीकाळी फार नेमकेपणाने ठरवलेले आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या इतिहासाच्या बोलण्यातच आहे. ऑगस्ट १६६६ मध्ये शिवाजी महाराज पहाऱ्यातून निघून गेले, त्या घटनेला मराठी शाळकरी पोरही ‘आग्र्याहून सुटका’ म्हणते. औरंगजेबाच्या दरबाराच्या लेखी नजरकैदेतला माणूस पळाला होता. इंग्रजी पुस्तके एस्केप म्हणतात आणि हिंदीत ‘पलायन’ लिहिलेले सर्रास सापडते. मराठीत तो शब्द त्या प्रसंगाला कोणी लावला तर कानाला खटकतो, आणि खटकायलाच हवा. १६८९ मध्ये रायगडाला वेढा पडण्याच्या सुमारास राजाराम महाराज वेषांतर करून दक्षिणेत जिंजीला गेले. शत्रूच्या मुलखातून लपतछपत केलेला तो प्रवास होता, तरी आपण त्याला ‘जिंजीकडे प्रयाण’ म्हणतो, कारण राज्य तिथे नेऊन जिवंत ठेवायचे होते. आणि ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरजवळ होळकरांची सरशी होताच दुसरा बाजीराव पुणे सोडून गेला, शेवटी वसईला इंग्रजांच्या आश्रयाला पोहोचला आणि ३१ डिसेंबरला त्यांच्याशी तह करून बसला. त्याला मात्र मराठीने ‘पळपुटा’ ही पदवी दिली, आणि दोनशे वर्षे झाली तरी ती काढून घेतलेली नाही. तिन्ही प्रसंगांत समोर वरचढ ताकद होती, तिन्ही वेळा माणूस जीव वाचवून निघाला. इंग्रजीला तिघांसाठी एक शब्द पुरेल. मराठीने तीन वेगळे शब्द दिले, कारण तिने पाहिले ते पायांच्या वेगाकडे नव्हे. एकाने कैद मागे टाकली, एकाने राज्य सोबत नेले, एकाने राजधानी वाऱ्यावर सोडली.

याहून सूक्ष्म उदाहरण सावरकरांचे. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात मोरिया बोटीच्या गवाक्षातून ते समुद्रात उतरले, पोहून किनाऱ्याला लागले आणि तिथे पकडले गेले. फ्रान्सच्या भूमीवरची ही अटक वैध होती का, हा वाद हेगच्या लवादापुढे गेला आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. या प्रसंगाला सुटका म्हणता येत नाही, कारण ते सुटले नाहीत. पलायन म्हणायला जीभ रेटत नाही. मग मराठीने शब्द काढला ‘उडी’. हेतू आणि परिणाम दोन्ही बाजूला ठेवून तिने फक्त कृती उचलली, आणि प्रसंग त्या नावाने कायमचा ओळखीचा झाला. सावरकरांच्या राजकारणाबद्दल कोणाचे काहीही मत असो, शब्दाची ही निवड अचूक आहे हे मानावे लागेल. नेमका शब्द नसला की जे घडले ते सरळ सांगावे, हे या भाषेला तेव्हा ठाऊक होते.

विज्ञानाच्या परिभाषेतही हीच जाण दिसते. पृथ्वीवरून वर फेकलेली वस्तू परत खाली येऊ नये यासाठी सुरुवातीला तिचा वेग सेकंदाला सुमारे ११.२ किलोमीटर हवा. या वेगाला इंग्रजीत एस्केपचा वेग म्हणतात. हिंदीने त्यासाठी ‘पलायन वेग’ घेतला. आपल्या दहावीच्या पुस्तकात शब्द आहे ‘मुक्तिवेग’. कोणाला हा नसता अध्यात्माचा सोस वाटेल. मला तो भौतिकशास्त्राच्या दृष्टीनेही सरस वाटतो. वस्तू कितीही दूर गेली तरी गुरुत्वाकर्षण संपत नाही, ते फक्त क्षीण होत जाते. फरक पडतो तो इतकाच की आता ते तिला परत ओढून आणू शकत नाही. पळणारा मागे वळून पाहत पळतो, कारण तो पकडला जाऊ शकतो. मुक्तिवेगाने निघालेल्या वस्तूला ही भीती उरलेली नसते. ज्या कोणी समितीच्या बैठकीत बसून हा शब्द पक्का केला, त्यांनी कोशातला पहिला प्रतिशब्द उचलला नाही, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

समीक्षेच्या क्षेत्रात मात्र आपण घसरलो. इंग्रजीतल्या ‘एस्केपिझम’ला मराठीत ‘पलायनवाद’ म्हणायचे ठरले आणि त्या क्षणी वाद अर्धा निकालात निघाला. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हे फडके-खांडेकर यांच्या नावाने गाजलेले भांडण ज्या काळात रंगले, त्या काळापासून हा शब्द रंजक कादंबरीच्या कपाळी गोंदला गेला आहे. पुढे तो हिंदी चित्रपटावर बसला, नंतर दूरचित्रवाणी मालिकांवर. गंमत अशी की इंग्रजीतला सर्वांत तिखट प्रतिवाद नेमका याच मुद्द्यावर झालेला आहे. अद्भुतकथांवरच्या आपल्या व्याख्यानात (ते दिले १९३९ मध्ये, छापले १९४७ मध्ये) जे. आर. आर. टॉल्किन यांनी टीकाकारांवर असा आरोप ठेवला की ते दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात: तुरुंगातल्या कैद्याने बाहेर पडणे आणि रणांगणावरच्या शिपायाने पाठ दाखवणे. कैदी घराचा विचार करत असेल, भिंती आणि पहारेकरी सोडून इतर गोष्टींबद्दल बोलत असेल, तर त्यात लाज कसली, हा त्यांचा सवाल होता. ही फोड करायला टॉल्किन यांना पानभर मजकूर लिहावा लागला, कारण इंग्रजीत टीकेचा शब्द एकच होता. आपल्याकडे दोन्ही शब्द हाताशी होते. दिवसभर गिरणीत राबून रात्री तमाशाला जाऊन बसणाऱ्या कामगाराने त्या तीन तासांत काय केले, तो पळाला की सुटला, हा प्रश्न मराठीत एका ओळीत विचारता आला असता. पलायनवाद हा शब्द स्वीकारून आपण तो विचारण्याची सोयच काढून टाकली. गिरणी कामगाराला शिपाई ठरवले आणि गिरणीला रणांगण.

इथे हिंदीचा उल्लेख पुन्हा करायला हवा, कारण गोंधळाचा एक मोठा झरा तिकडून येतो. हिंदीत पलायन म्हणजे गाव सोडून जाणे, स्थलांतर, एवढाच सरळ अर्थ रूढ आहे. उत्तराखंडात ओस पडत चाललेल्या गावांचा अभ्यास करण्यासाठी २०१७ मध्ये सरकारी आयोग नेमला गेला, त्याच्या नावातच पलायन हा शब्द आहे, आणि तिथल्या कोणाला त्यात अपमान दिसत नाही. हिंदीने शब्दाचा डाग धुऊन टाकला. मराठीने टाकलेला नाही. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून मजूर चालत निघाले तेव्हा हिंदी वाहिन्यांवर पलायन होतेच, ते जसेच्या तसे मराठी पडद्यांवरही आले. काम बंद, हाती पैसा नाही, खोलीचे भाडे थकलेले, आगगाड्या बंद. अशा वेळी डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेऊन शेकडो मैल चालणाऱ्या माणसाने नेमके कोणते कर्तव्य टाकून पळ काढला होता? हिंदी वाहिनीने तो प्रश्न मनातही आणला नसेल. मराठी कानावर मात्र तो आदळत राहिला.

शब्द कोणाच्या हातात आहे यावर किती काही अवलंबून असते, याचा धडधडीत पुरावा अमेरिकेच्या इतिहासात आहे. १७८७ साली तयार झालेल्या अमेरिकी राज्यघटनेत गुलाम हा शब्द शिताफीने टाळला होता. एका राज्यात सेवेला बांधलेली व्यक्ती दुसऱ्या राज्यात एस्केप झाली तर तिला मालकाच्या मागणीवरून परत सोपवावे, अशा आशयाचे कलम मात्र होते. १८५० च्या कायद्याने तर अशांना पकडून द्यायला मदत करणे सामान्य नागरिकांवरही बंधनकारक केले. १८५१ मध्ये लुइझियानातल्या सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने याच्याही पुढे मजल मारली. गुलामांना पळून जावेसे वाटते हा मनाचा आजार आहे असे सांगून त्याने त्याला ग्रीक धाटणीचे ‘ड्रॅपेटोमेनिया’ हे भारदस्त नाव दिले. म्हणजे बेडी निरोगी, आणि बेडीतून पाय काढावासा वाटणे हा रोग. या व्यवस्थेतून ३ सप्टेंबर १८३८ रोजी फ्रेडरिक डग्लस निघाले होते. अंगावर खलाशाचा लाल सदरा, डोक्यावर खलाशाची टोपी, खिशात एका मित्राचा खलाशी असल्याचा दाखला. दाखल्यावरचे वर्णन त्यांच्याशी जुळत नव्हते, पण वर अमेरिकेचे गरुडचिन्ह होते. गाडीतल्या कंडक्टरने वरवर पाहून तो परत दिला. दिवसभराच्या आत ते बाल्टिमोरहून न्यूयॉर्कला पोहोचले. हा तपशील त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे छापला नाही, कारण मागून येणाऱ्यांची वाट बंद झाली असती. १८८१ मध्ये त्यांनी तो लिहिला तेव्हा लेखाच्या शीर्षकात शब्द घातला तो एस्केपच. मालकांच्या कलमातला शब्द आणि गुलामाच्या आत्मकथनातला शब्द एकच. इंग्रजीत हे शक्य झाले कारण तो शब्द कोणाचाच नव्हता. मराठी अनुवादकाला मात्र ही चैन परवडणारी नाही. घटनेच्या कलमात त्याला ‘पळून गेल्यास’ लिहावे लागेल आणि डग्लस यांच्या शीर्षकात ‘सुटका’. दोन्हीकडे एकच प्रतिशब्द चिकटवला, तर दोघांपैकी एकाशी बेइमानी होईल. ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्या अमेरिकी लोकांना जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले, ते उगाच नव्हे. बांधलेल्याच्या बाजूने शब्द वापरायचे ठरले की ओळख आपोआप पटते.

यावर पहिला आक्षेप येईल तो कायद्याचा. पोलिसांच्या ताब्यातून दरोडेखोर निसटला तर त्यालाही ‘सुटका’ बहाल करायची का? अर्थातच नाही. त्याच्यासाठी ‘पळाला’ आहे, ‘फरार’ आहे, आणि ते शब्द निःसंकोच वापरावेत. पण कायदा स्वतः काय पाहतो तेही लक्षात घ्यावे. भारतीय दंडसंहितेचे २२४ वे कलम कोठडीतून निसटणे हा गुन्हा ठरवत होते, पण कोठडी कायदेशीर असेल तरच. नव्या न्याय संहितेतही ही अट तशीच आहे. बेकायदा डांबून ठेवलेला माणूस दार तोडून बाहेर पडला तर या कलमाखाली तो गुन्हेगार नाही; त्याला डांबणारा गुन्हेगार आहे. म्हणजे कायदासुद्धा पळणाऱ्याला दोष देण्याआधी धरणाऱ्याचा हक्क तपासतो. मथळ्याने तेवढेही करू नये?

दुसरा आक्षेप तटस्थतेचा, आणि तो अधिक वजनदार आहे. बातमीदाराने बाजू घेऊ नये. ‘मुलींची सुटका’ असे छापले तर संस्थेला तुरुंग ठरवल्यासारखे होईल आणि उद्या चौकशीत संस्था निर्दोष निघाली तर काय, असे विचारले जाईल. आक्षेप रास्त आहे. त्या मुलींपैकी एखादी सोळा वर्षांची मुलगी कदाचित एखाद्या दलालाच्या नादाने बाहेर पडली असेल आणि बालगृहच तिच्यासाठी सुरक्षित जागा असेल. म्हणूनच सरसकट सुटका लिहा असे मी म्हणत नाही. पण पलायन हा तटस्थ शब्द आहे, हे यातले गृहीतक मात्र साफ चुकीचे आहे. तटस्थ राहायचे तर मराठीत ‘निघून गेल्या’ आहे, ‘बाहेर पडल्या’ आहे, ‘बेपत्ता’ आहे. ‘तीन मुली बालगृहातून निघून गेल्या’ या मथळ्यात बाजू नाही आणि जागाही फार लागत नाही. मुळात पलायन मथळ्यात येते ते तटस्थतेसाठी नव्हे, तर भारदस्तपणासाठी; क्रियापदाऐवजी तत्सम नाम टाकले की बातमी सरकारी पत्रकासारखी दिसते आणि लिहिणाऱ्याला जबाबदारीतून अंग काढून घेता येते. तीच गत ‘मुलगी पळून गेली’ची. सज्ञान तरुणी स्वतःच्या मर्जीने घर सोडून लग्न करते, तरी तिच्या वाट्याला पळण्याचेच क्रियापद येते. एकविसाव्या वर्षी नोकरीसाठी घर सोडणारा तिचा भाऊ कधी ‘पळून’ जात नाही.

आणि तिसरा आक्षेप नेहमीचा: शब्दांनी काय फरक पडतो, लोकांना अर्थ कळल्याशी कारण. हा आक्षेप घेणाऱ्यांनी एक इंग्रजी खटला पाहावा. १८६८ मध्ये रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात तळ्याचे पाणी शेजारच्या खाणीत शिरले, तेव्हा असा नियम पक्का झाला की धोक्याची वस्तू जवळ बाळगणाऱ्याच्या आवारातून ती एस्केप झाली, तर नुकसानभरपाई त्याने द्यायची, त्याचा हलगर्जीपणा असो वा नसो. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याच्या कारखान्यात तोफगोळ्याचा स्फोट होऊन तिथे तपासनीस म्हणून काम करणारी एक बाई जखमी झाली. १९४६ मध्ये तिचा दावा फेटाळला गेला. कारण? स्फोट आवाराच्या आत झाला. एस्केप काही झालेच नाही. कुंपणाच्या अलीकडे की पलीकडे, एवढ्या एका शब्दावर भरपाई गेली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या ऑलियम वायूच्या प्रकरणात १९८६ मध्ये ही वाट सोडून दिली आणि धोकादायक उद्योग चालवणाऱ्याचे दायित्व निरपवाद ठरवले. भोपाळची वायुदुर्घटना होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीलाही इंग्रजीत वायू एस्केप झाला असे लिहिता येते, जणू वायूनेच बेत आखला होता. मराठीत आपण ‘वायुगळती’ म्हणतो. हा शब्दही सौम्यच आहे, नळाची चकती झिजावी इतका सौम्य. पण निदान गळणाऱ्या टाकीकडे बोट दाखवतो.

आता हा प्रश्न आजच्या महाराष्ट्रात सर्वांत जास्त जिथे टोचतो तिथे जाऊ. दिवाळीच्या आसपास बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसांची मोजदाद अवजाराच्या नावाने होते. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते, आणि ती फेडायची ती तोडलेल्या उसाच्या टनांवर. हिशेबाची वही मुकादमाकडे. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर. या जोडीपैकी कोणी आजारी पडले, बाळंतपण आले, मार बसला किंवा हिशेब पटला नाही आणि ते रात्रीतून फड सोडून गेले, तर सगळीकडे एकच वाक्य फिरते: कोयता पळाला. टोळी, मुकादम, वाहतूकदार, कारखान्याचा शेतकी विभाग, आणि दुसऱ्या दिवशीची बातमी, सगळ्यांच्या तोंडी तेच क्रियापद. यात खरी फसवणूकही असते हे मान्य करायला हवे. दोघा-तिघांकडून उचल घेऊन तोंड चुकवणारे असतात, वाहतूकदाराला लाखोंना बुडवणारे मुकादमही असतात, आणि त्यांना पळाले म्हणण्यात काही वावगे नाही. पण जो माणूस घेतलेल्या पैशांपायी दुसरीकडे कामाला जाऊ शकत नाही, गावी जाऊ शकत नाही आणि किमान वेतनाहून कमी पैशांत राबतो, त्याच्यासाठी कायद्याकडे वेगळा शब्द आहे, वेठबिगार. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ मध्ये संसदेत मंजूर झाला, पण आधीच्या अध्यादेशाच्या तारखेपासून लागू झाला. त्यात प्रत्येक वेठबिगार मुक्त झाल्याचे आणि त्याच्यावरचे असे कर्ज संपुष्टात आल्याचे स्पष्ट लिहिले आहे. अशी जोडी डोक्यावर भांड्यांचे गाठोडे घेऊन पहाटे फडावरून निघाली आणि मुकादमाने ती पळाल्याचे सांगितले, तर बातमी लिहिणाऱ्याने त्याच्या तोंडचे क्रियापद उचलण्याआधी वही मागून पाहावी. टन किती, दर काय लावला, उचल कधीची. हिशेबात वेठ निघाली, तर कायद्याच्या लेखी ती जोडी २५ ऑक्टोबर १९७५ पासूनच सुटलेली आहे.